कातळाखाली

शारजाला निघाले त्या सकाळी आईने माझ्या बॅगेत आमसुलं आणि कुळथाचं पीठ कोंबलं. मग बाहेर येऊन रिक्षावाल्याला एवढंच बजावलं, "सड्यावर थांबू नको हां." कातळाचं ते उघडं माळरान संपेपर्यंत तो थांबला नाही, आणि मीही बाहेर बघितलं नाही. तुमच्यापैकी जे रत्नागिरीजवळच्या पावसच्या बाजूचे आहेत, मागे राहिलेले किंवा माझ्यासारखे निघालेले, ते कारण विचारणार नाहीत. बाकीच्यांसाठी सांगते.

सहावीत आम्हाला इतिहासाला नव्या बाई आल्या, दापोलीच्या. पुस्तकातले राजे आम्ही घडाघडा म्हणायचो, पण ते सगळे दुसरीकडचे. एकदा कुणीतरी विचारलं, "बाई, आपल्याकडं काय झालंच नाय काय?"

त्याच दुपारी बाई आम्हाला खराटा घेऊन सड्यावर घेऊन गेल्या. माती झाडली तसा कोरलेल्या रेघांतून एक माणूस दिसू लागला. हात अंगालगत, पाय जुळलेले, चेहऱ्याच्या जागी कोरा कातळ.

"कोणी कोरला?"

"फार जुन्या माणसांनी. कोण होती, कुणालाच माहीत नाही."

"मग ती गेली कुठं?"

"गेली, असं तरी कुठे लिहिलंय?" बाई हसत म्हणाल्या.

माझी मैत्रीण नंदा, कोळीवाड्यातली, गंमत म्हणून त्या रेघांत आडवी झाली. खांदे, टाचा, सगळं जिथल्या तिथे बसलं. आम्ही टाळ्या पिटल्या. ती मात्र हसली नाही. "बाई, खाली कोनतरी चालतंय."

आम्ही तापलेल्या कातळाला कान लावले. मलाही ऐकू आलं. अनवाणी पाऊल, मग थांबणं, मग पुन्हा पाऊल. शेवटी बाईंनी गुडघे टेकून कान लावला. उठल्या तेव्हा साडीची माती झटकायचंही त्यांना सुचलं नाही. "रांग करा," म्हणाल्या. पुढे त्यांनी फक्त पुस्तकातलंच शिकवलं आणि वर्ष संपायच्या आत बदली मागून घेतली.

गेल्या मे महिन्यात गावी गेले, तर त्या कोरलेल्या माणसाभोवती चिऱ्यांचं कुंपण झालंय, माहितीचा फलक लागलाय. नंदा मासे विकायला रोज त्याच वाटेने जाते. ती माझ्याबरोबर आली. मी कान लावला. काहीच नाही.

"बंद झालं गं."

तिने माशांची पाटी डोक्यावरून न उतरवता खाली बसून तळवा कातळावर दाबला. "बंद नाय. तू आलीस म्हनून उभं रायलंय."

"तुला भीती नाही वाटत?"

"रोजची सोबत हाय ती. तुझी वळख तेवढी पटवत असंल."

मी घाईने उठले. नंदा हसली, पण मला घेऊनच निघाली.

शारजात आमच्या इमारतीखाली पार्किंगचे दोन मजले आहेत, त्याखाली वाळू. तिथे मला कशाचीच भीती वाटत नाही. पण ऑफिसात कुणी गाव विचारलं की मी रत्नागिरी म्हणते, आणि अंगावर काटा येतो. इतक्या वर्षांनी मला घर म्हणजे एवढंच कळलंय: तिथली जमीन मला ओळखते. इथली नाही.