आईच्या पानात काय वाढू?

माझ्या आईला खायला काय आवडायचं, हे आमच्या घरात कुणालाही माहीत नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला, गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ पानात वाढायचा, ही आमच्याकडची पद्धत.

आणि मी सकाळपासून लालबागच्या आमच्या खोलीत नुसती आत-बाहेर करतेय. गॅस पेटवते, बंद करते. गॅलरीत जाते, परत येते. एका जागी बसवत नाहीये.

"वडे कर ना," सुहास म्हणाला. सुहास म्हणजे माझा धाकटा भाऊ.

"वडे तुला आवडायचे."

"मग खीर?"

"खीर बाबांना."

"अगं, मग तिला काय आवडायचं?"

"तेच विचारतेय ना मघापासून!" मी त्याच्यावर खेकसले. त्याची काही चूक नव्हती.

बाबा भिंतीला टेकून बसलेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ती सगळा खाय."

सगळा खाय! म्हणजे आमची पोटं भरल्यावर टोपात जे असेल, ते खाय. याला आवड म्हणतात?

काटकसरीत आईचा हात धरणारं कुणी चाळीत नव्हतं. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा तिने कंबर कसली, ती नंतर आम्ही दोघं कमवायला लागलो तरी सोडली नाही.

आज दोडक्याची भाजी, तर उद्या त्याच्या सालांची चटणी. कोलंबीच्या डोक्यांचं सार. शिळ्या भाताची थालीपीठं. फणसाच्या आठळ्या डाळीत. आम्हाला कधी कळायचंही नाही की आपण कालचंच जेवतोय.

लग्नपत्रिका आली की लग्न कुणाचं ते नंतर. आधी कागद जाड आहे का, ते बघायची. मग त्याची आहेराची पाकिटं बनवायची, भाताच्या खळीने चिकटवून.

एकदा ज्यांची पत्रिका, त्यांच्याच धाकट्या मुलीच्या लग्नात त्याच पाकिटातून आहेर गेला. पाकीट उघडलं तर आतून त्यांचाच गणपती, अर्धी सोंड कापलेला. आई म्हणाली, "देव त्यांचोच, त्यांका परत गेलो. काय बिघाडला?"

आणि दर महिन्याला टेलरकडून चिंध्या आणायची. ब्लाउजच्या कापडाच्या. त्यांच्या वेण्या घालून पायपुसणी करायची. या मजल्यावर एक दार असं नाही जिथे आईचं पायपुसणं नाही.

त्या चिंध्या आणायला अर्धा दिवस लागायचा. मी वैतागायची. ती म्हणायची, "रंग निवडूक वेळ लागता."

शेवटी मी शेजारच्या सुरेखामावशींकडे गेले. टेलरकडे दोघी जोडीने जायच्या.

"मावशी, आईला खायला काय आवडायचं हो?"

मावशी मेथी निवडत होत्या. मान वर केली नाही.

"मला काय ठाऊक?"

"मावशी."

"तिने शपथ घातलीये गं मला."

"ती गेली, मावशी. आज वर्ष झालं. पान कोरं ठेवू का तिचं?"

तेव्हा कुठे त्यांनी मेथी बाजूला सारली.

"मसाला डोसा," मावशी म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आमची आई? हॉटेलात?

"टेलरकडून येताना उडप्याकडे बसायचो. दर महिन्याला. वेटर यायचा, 'आजी, क्या लाऊँ?' मग ही बया मेनूकार्ड वरपासून खालपर्यंत वाचायची. मी म्हणायची, अगं मागव की, खाणार तर तोच आहेस. तर म्हणायची, 'थांब गो. कोणतरी इचारता, माका वाचूक दी.'"

"आणि उरला तर बांधून आणायची?"

"उरतोय कशाला! चटणीची वाटीसुद्धा पुसून खायची."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, खूप राग आला. आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही नेलं नसतं का तिला? दर रविवारी नेलं असतं!

मावशींना तसं म्हणालेही.

"नेलं असतंत," मावशी म्हणाल्या. "म्हणूनच नाही सांगितलं. तुम्ही पोरं समोर बसला असतात तर तिने अर्धा मोडून तुमच्या पानात टाकला असता. तिला अख्खा खायचा होता गं."

मी तिथेच, मावशींच्या दारात बसले आणि रडले. आणि मग हसायला लागले. मावशी घाबरल्या.

बरं केलंस आई. फार बरं केलंस. मला इतका आनंद झालाय की काय सांगू.

घरी येऊन दोघांना सगळं सांगितलं. सुहास म्हणाला, "पण ताई, त्यात कांदा असतो. श्राद्धाला कसा चालेल?"

बाबा उठले. खुंटीवरचा शर्ट घातला.

"कांद्याचा मी बघतंय," म्हणाले आणि जिना उतरले. सुहास मागे धावला, तर हाताने थांबवलं त्याला.

बराच वेळ झाला. फोन घरीच विसरलेले. मी पुन्हा गॅलरीत. काय काय मनात आलं. या वयात, या गर्दीत, एकटे.

आले. घामाघूम. हातात पार्सल, ते शर्टाच्या आत धरलेलं. गरम राहावं म्हणून.

मी पार्सल उघडलं. आत एकच डोसा, बिनकांद्याच्या भाजीचा.

"बाबा, एकच आणलात? आणि आपल्याला?" सुहासने विचारलं.

"तुमका व्हयो तर तुमी जावा," बाबा म्हणाले. "ह्यो तिचो. अख्खो."

आता तिच्या फोटोसमोर पान वाढलंय. बाबा शेजारी बसलेत. कुणाला हात लावू देत नाहीयेत.

आई, तुला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.

गरम आहे तोवर जेव.