रिकाम्या जागेला पाणी

मनवेल डिमेलो स्वतःच्या वाडीत कधी सरळ चालला नाही. सांडोर गावातल्या त्या केळींत तो बादली घेऊन कोपऱ्यातून शिरे आणि तिरका चालत पाणी घाली. कुणी हसलंच तर म्हणे, "सरळ तर यंत्रही चालतं."

आमच्या संस्थेत आम्ही दोघं कंपायलर लिहीत होतो. म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. अडचण होती लूपच्या पोटातल्या लूपची, म्हणजे फेऱ्यांच्या आत चालणाऱ्या फेऱ्यांची. बाहेरचा तक्त्याच्या ओळी मोजी, आतला ओळीतली घरं. प्रत्येक घर डावीकडच्या आणि वरच्या घराच्या उत्तरासाठी खोळंबलेलं. मनवेल म्हणाला, "तिरक्या रेषेवरची घरं एकमेकांची वाट बघत नाहीत. ती एकदम सोडवू." मग एका छोट्या मॅट्रिक्सने, चार आकड्यांच्या चौकटीने, त्याने घरांची सगळी जाळी फिरवून मांडली. त्यात त्याचं वर्ष गेलं.

प्रात्यक्षिकाला साहेबांनी यंत्रासमोर नारळ फोडला, पाहुण्यांना पेढे वाटले. पेढे चांगले होते. उत्तर चुकलं.

"डिमेलो, सोमवारपर्यंत बघा," साहेब म्हणाले. "नाहीतर आपलं सरळच बरं." म्हणजे वर्षभराचं काम बासनात.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मनवेलने मला वाडीत नेलं आणि बादली हातात दिली. मी त्याच्यासारखा तिरका निघालो, पावलागणिक तांब्या ओतत.

"जोशा, तिथं केळ आहे का? मातीला कसलं पाजतोस?"

"पाजू दे," ओट्यावरून त्याची बायको, मारीवहिनी म्हणाल्या, "तण तरी जोमात येईल!"

मनवेल हसला नाही. "अरे, आपला कंपायलर हेच करतोय," तो हळूच म्हणाला. तिरकं चालताना प्रत्येक दुसरं पाऊल चार केळींच्या मधल्या रिकाम्या जागी पडतं. फिरवलेल्या जाळीतही तसंच. तिथे थांबून कंपायलर शेजारच्या घराचा हिशेब पुन्हा एकदा करत होता.

सोमवारी त्याने कंपायलरला एक पाऊल सोडून चालायला लावलं आणि उत्तर बरोबर आलं. साहेबांनी दुसरा नारळ फोडला. श्रेय नारळाला मिळालं.

पुढे मनवेल अकालीच गेला. त्याला माती देऊन आम्ही घरी आलो, तेव्हा मारीवहिनींनी बादली पुढे केली. "भाऊ, दोन दिवस झाडांना पाणी नाही. घालता?"

मी कोपऱ्यातून शिरलो. "एक पाऊल सोडून हं," त्या मागून म्हणाल्या.

सोडायच्या पावलाशी मात्र मी दर वेळी जरा थांबत होतो.