डॉक्टरांनी नाळ कापली

बर्फाळ उत्तरेत, हडसन उपसागराच्या काठावरच्या त्या इनुइट गावात निम्म्या माणसांना या जगाचा पहिला हात लागला तो अकिनीसीचा. गावच्या इस्पितळात सुईण म्हणून तिची सव्वीस वर्षं झाली होती. भले भले शिकारी तिच्यापुढे आवाज चढवत नसत. आपण कसे केकाटत आलो ते ही बाई चारचौघांत सांगेल, ही धास्ती.

दक्षिणेकडच्या शहरातून तीन महिन्यांसाठी आलेल्या डॉक्टर तिबोंनी मात्र जाता जाता आरोग्य समितीला कागद दिला : यापुढे प्रत्येक बाळंतपण डॉक्टर करतील, सुइणी हाताखाली राहतील. निर्णय मंगळवारी व्हायचा होता.

सोमवारी दुपारी गावातली सियासी बाळंत झाली, मुलगी झाली. सगळं सुरळीत होतं. नाळेतले ठोके थांबायची अकिनीसी शांतपणे वाट पाहत होती. तेवढ्यात तिबो पुढे सरसावले, चिमटे लावले आणि कचकन नाळ कापून मोकळे झाले.

 मग सियासीची आई पोट धरून हसू लागली.

"काय झालं?" डॉक्टर गोंधळले.

"अभिनंदन!" अकिनीसी म्हणाली. "आमच्यात नाळ कापणारा तो बाळाचा सानाजी. जन्माचा सोयरा. पोरीचं पहिलं अंगडं तुम्ही आणायचं. ती कशी व्हावी ते तिच्या कानात तुम्ही सांगायचं. आणि तिनं धरलेला पहिला मासा तुमच्या दारात येणार."

"पण माझं विमान शुक्रवारी आहे!"

"मासा काय शुक्रवारच्या आत धरते ती?"

मंगळवारी समितीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. अकिनीसी उठली. अध्यक्ष जोबी म्हणाला, "मावशी, जरा थोडक्यात."

"गप रे. पायाळू जन्मलास तेव्हापासून घाईत आहेस."

हशा ओसरल्यावर ती म्हणाली, "रक्त थांबेना झालं की डॉक्टरांना हाक मीच मारते, आणि ते धावत येतात. गुणी माणूस आहे. पण माझ्या वेळी आम्हाला बाळंतपणासाठी विमानात घालून दक्षिणेला धाडायचे. महिनाभर एकटी. माझ्या लेकीची नाळ कुणी कापली, मला नाव ठाऊक नाही. सहाव्या वर्षी तिनं पहिला मासा धरला आणि तो हातात घेऊन दारात उभी राहिली. नेणार कुणाकडे? त्या दिवशी मी हे काम शिकायचं ठरवलं. आमच्या हातून जन्मलेलं एकही पोर तसं उभं राहिलेलं नाही. आता दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाकडे हे सोपवायचं तर सोपवा. मासे विमानतळावर कुजतील."

 तिबोंनी आपला कागद मागून घेतला, पहिली ओळ खोडली आणि वर लिहिलं : बाळंतपण सुइणी करतील, त्या बोलावतील तेव्हा डॉक्टर येतील. सगळे हात वर गेले. जोबीचे तर दोन्ही.

बाहेर पडताना तिबोंनी हळूच विचारलं, "आणि माझी पोरगी?"

"सहा-सात वर्षांनी या. मासा मोठा निघाला तर गावासमोर मोठ्यानं कौतुक करायचं. बोटाएवढा निघाला तर त्याहून मोठ्यानं."

शुक्रवारी विमानाआधी तिबो अंगडं घेऊन सियासीच्या घरी गेले. बाळाच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. सियासीच्या आईनं ते ऐकलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावानं ऐकलं :

"वाट पाहायला शिक, बाई. अकिनीसीसारखी."