नकाशावरची हिरवी काउंटी

"मेधा, ही केस आजच क्लोज करून टाक," रॉननं भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. "ट्रेलर ओढल्यामुळे ब्रेक जात असते, तर ही काउंटी लाल दिसली असती. ती तर हिरवीगार आहे."

मी मिशिगनमध्ये एका मोटार कंपनीच्या फील्ड क्वालिटी विभागात होते. विकलेल्या गाड्यांमध्ये पुढे काय बिघडतं आणि का, हे शोधणं आमचं काम. रॉन माझा बॉस. नकाशावर ज्या काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, तक्रारी येत तो भाग आम्ही लाल रंगवायचो आणि जिथून काहीच येत नसे तो हिरवा.

ही गोष्ट २००४ सालची. आमच्या एका पिकअपबद्दल, म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या गाडीबद्दल, मिनेसोटातून मोजक्या तक्रारी आल्या होत्या. मागे बोटीचा ट्रेलर जोडलेला असताना ब्रेकचं पेडल अचानक खाली गेलं, असं ते लोक सांगत होते. त्यांच्यातल्या एकाची बायको अपघातानंतर अजून हॉस्पिटलमध्ये होती. केस क्लोज करायची म्हणजे त्या माणसाला कळवायचं की तुम्ही जास्त वजन ओढलंत, चूक तुमची.

माझा संशय एका होजवर होता. होज म्हणजे ब्रेकचं ऑइल चाकापर्यंत नेणारा रबरी पाइप. ट्रेलरचं वजन आलं की गाडीचा मागचा भाग दबतो आणि हा पाइप तिथल्या एका पत्र्याच्या कडेला घासतो. घासून घासून चिरतो. मग पुढचे ब्रेक तेवढे उरतात, आणि मागून ट्रेलरचा रेटा असताना तेवढ्यानं गाडी थांबत नाही.

पण रॉनचा मुद्दा बिनतोड होता. ती हिरवी काउंटी नॉर्थ कॅरोलिनातली, स्टॉक कार रेसिंगचं वेड असलेली. स्टॉक कार बाहेरून आपल्या रोजच्या गाडीसारखी दिसते. आत सगळं वेगळं, पण बॉनेटवर कंपनीचं नाव असतं आणि लोक त्या नावासाठी जीव टाकतात. रविवारी आमची गाडी जिंकली की त्या आठवड्यात आमचे पिकअप जास्त खपायचे, यावर मार्केटिंगवाल्यांची श्रद्धाच होती. शिवाय तिथले कितीतरी लोक स्वतः गावातल्या ट्रॅकवर रेस करायचे. दर शनिवारी रेसची गाडी ट्रेलरवर, आणि ट्रेलर आमच्या पिकअपच्या मागे. दोष असता तर तो तिथेच सगळ्यात आधी दिसायला हवा होता.

जेवणाच्या सुट्टीत मी जोशीकाकांना हे सांगितलं. काका आमच्या ब्रेक लॅबमधले, सत्तरच्या दशकात पुण्याहून आलेले.

"अगं, तुमचा तो हिरवा रंग म्हणजे नक्की काय?" त्यांनी डब्याचं झाकण लावत विचारलं. "गाड्या चांगल्या आहेत, की माणसं गप्प आहेत?"

"एवढी माणसं कशाला गप्प बसतील, काका?"

"ते मला इथे बसून कसं कळणार? फ्लाइट बुक कर आणि जाऊन बघ."

रॉननं कुरकुरत परवानगी दिली.

तिथल्या डीलरनं हात झटकले. ब्रेकची एकही केस नाही म्हणाला. म्हणून शनिवारी दुपारी मी सरळ रेस ट्रॅकवर गेले. पार्किंग म्हणजे गवताचं मोकळं मैदान. डाव्या बाजूला सगळे आमचे पिकअप, उजव्या बाजूला सगळे प्रतिस्पर्धी कंपनीचे, आणि मध्ये रिकामा पट्टा. कुणी पाटी लावलेली नव्हती. आमच्या प्लांटमध्येही दुसऱ्या कंपनीची गाडी लांबच्या कोपऱ्यात लावायला लागायची. माझा नवरा त्याच्या जपानी गाडीतून मला न्यायला आला की बर्फात तिथवर चालत जावं लागायचं, आणि मी चिडायचे. इथे तर अख्खं गावच विभागलेलं होतं.

डाव्या रांगेत पहिला भेटला तो अर्ल. साठीचा, डोक्यावर आमच्या कंपनीची टोपी. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि त्याची मुलगी टॅमी रेस करायची. मी हेड ऑफिसची म्हटल्यावर त्यानं मला बसायला खुर्ची उघडून दिली.

"मॅडम, माझ्या वडिलांपासून आमच्या दारात दुसऱ्या कंपनीची गाडी उभी राहिली नाही."

"तुमचा पिकअप जरा खालून बघू?"

त्यानं उजवीकडच्या रांगेकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, "बघा."

मी जॅकेट अंथरून टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले. होजवर जुन्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळलेली होती आणि वरून प्लास्टिकच्या बंदानं घट्ट आवळलेली. शेजारच्या पिकअपखाली गेले, तिथेही तेच. त्याच्या पुढच्यालाही तशीच पट्टी. पाठीला गवत टोचत होतं. त्या रांगेतल्या सगळ्यांना दोष माहीत होता. माहीत नव्हता तो फक्त आम्हाला.

मी बाहेर आले. "अर्ल, हे तुम्ही कंपनीला का नाही कळवलं?"

त्यानं मानेनंच उजवीकडची रांग दाखवली. "कळवलं की डीलरकडे गाडी उभी राहते. मग ते लोक वर्षभर हसतात. आम्ही आमचं निस्तरतो, मॅडम. होज फाटला की नवा घालतो. एकमेकांना सांगतो."

"तुमचा कधी फाटला?"

"मागच्या महिन्यात. उतारावर. हँडब्रेकनं सावरली कशीबशी."

"हा पिकअप अजून कोण चालवतं?"

त्याची नजर टॅमीकडे गेली. टॅमी ट्रेलरमागे टायर चढवत होती. तिनं हातातला पाना खाली ठेवला.

"डॅड, मागच्या शनिवारी मी ह्यातून आले. त्याच उतारावरून. शेजारी माझा मुलगा होता."

"मी नवा होज टाकला होता, टॅमी."

"मला सांगितलं का नाही?"

मला राग आला होता. आमच्या हिरव्या रंगाचा तर होताच, पण या भल्या माणसांचाही आला होता. तरी अर्लचा चेहरा बघवेना. कंपनीच्या अब्रूसाठी त्यानं आपली लेक आणि नातू पणाला लावले होते, आणि हे त्याला तिथे, त्या क्षणी कळत होतं.

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "माझं नाव घाला तक्रारीत. आणि ही गाडी इथून चालवत नेणार नाही मी."

पण मग रेसची गाडी घरी कशी न्यायची? डाव्या रांगेतला प्रत्येक पिकअप पट्टी बांधलेला. अर्ल रिकामा पट्टा ओलांडून उजवीकडे गेला. तिथे क्लिफ नावाचा त्याचा शेजारी होता. वर्षानुवर्षं दोघं एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवत आले होते. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. क्लिफ आपला पिकअप सावकाश आमच्या बाजूला घेऊन आला आणि त्यानं अर्लचा ट्रेलर स्वतःच्या हातानं जोडून घेतला. सगळं पार्किंग बघत होतं. कुणीही हसलं नाही.

अर्लचं बघून सोमवारी डीलरच्या दारात आमच्या पिकअपची रांग लागली. काढलेले होज मी मिशिगनला नेले. जोशीकाकांनी ते एकेक करून कापले. प्रत्येकावर त्याच जागी घासल्याची तीच खूण होती. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वाचली गं माणसं."

रिकॉल निघाला. म्हणजे कंपनीनं दोष मान्य करून सगळ्या गाड्या फुकट दुरुस्त करायला परत बोलावल्या. मिनेसोटातल्या माणसाला चूक तुमची असं कळवावं लागलं नाही. त्याची बायको पुढे काठी घेऊन चालायला लागली, तेवढंच. रॉननं कुणाला न सांगता ती काउंटी स्वतः लाल रंगवली.

पुढच्या वर्षी टॅमीचा फोन आला. अर्लनं नवा पिकअप घेतला होता. आमचाच. मार्केटिंगवाले खूश झाले. मला मात्र काळजीच वाटली. यात काही बिघडलं तर या वेळी तरी तो कळवेल का?

त्यानंतर मी नकाशावरचा हिरवा रंग बंद केला. जिथून तक्रार नाही तो भाग राखाडी. राखाडी म्हणजे तिथे जाऊन अजून कुणी विचारलेलं नाही.

"नकाशा फार उदास दिसतोय," रॉन म्हणाला.

"दिसू दे," मी म्हटलं.