दोन बांगड्यांच्या चार

जसोद्राकाकीला राग येत नसे. तो तिच्याकडे राहायलाच होता. कारखान्याच्या ऊस तोलणाऱ्या काट्यावर, डब्यातल्या मासळीवर, फिजीतलं आमचं बा गाव सोडून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या प्रत्येक शेजाऱ्यावर ती तो सारख्याच निष्ठेने खर्च करी. मी तिच्या कुंपणापलीकडचा. माझ्या कोंबड्यांमुळे माझा वाटाही मला नियमित मिळे.

तिच्या हातात दोन तांबूस बांगड्या होत्या. ऊसमळ्यातल्या मजुरीचा गिरमिटाचा करार संपल्यावर तिच्या आजीने गिन्न्या साठवून, वितळवून त्या घडवल्या होत्या. गिन्नीत चोवीस भागांत बावीस भाग सोनं आणि दोन भाग तांबं. ती लाली तांब्याची. शिक्का नव्हता, कारण गिन्नीवरचा राजा वितळताना गेला होता. नात अंजुलाच्या लग्नात काकीने त्या स्वतःच्या हाताने तिला घालायच्या, हे अंजुला रांगत होती तेव्हापासून ठरलेलं.

लग्नाच्या आधी नवऱ्या मुलाची आई सरोजनी ब्रिस्बेनहून आली.

"मावशी, तांब्याच्या घालता? संधिवातासाठी?"

"नाही. माणसं ओळखायला," काकी म्हणाली.

काकीचा मुलगा, अंजुलाचा बाप हिरदेश मात्र शरमला. झळाळी देऊन आणतो, असं सांगून तो बांगड्या घेऊन गेला आणि सरोजनीच्या सल्ल्याने सोनाराकडून नव्या करवून घेऊन आला. पिवळ्याजर्द.

"अम्मा, बरकत बघ. दोनाच्या चार झाल्या, वर जावयाला अंगठी."

"आणि सॉलिड गोल्ड," सरोजनी म्हणाली. "आमच्याकडे हेच चालतं."

सॉलिड म्हणजे आतून पोकळ नाही, एवढंच. भरलंय काय, याबद्दल तो शब्द मौन पाळतो. भरलं होतं नऊ कॅरेट: नऊ भाग सोनं, पंधरा भाग तांबं, चांदी आणि जस्त. आत शिक्काही होता, ३७५, म्हणजे हजारात तेवढंच सोनं. शिक्का बिचारा खरं बोलत होता. पण एवढा मोठा आकडा पाहून मंडळी खूश होती. नऊ कॅरेट टणक असतं, रोज भांडी घासणाऱ्या हाताला सोयीचंही. नऊ म्हणून दिलं तर भांडण नाही. इथे ते बरकत म्हणून दिलं होतं.

काकी काहीच बोलली नाही. गाव घाबरलं. सोनाराने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

लग्नाला आठवडा असताना व्याह्यांना जेवण होतं. आधी मांडवात पुरुषमंडळी नगोना प्यायला बसली. नगोनाच्या झिंग आणणाऱ्या मुळीची पूड पाण्यात कालवायचं काम काकीने त्या दिवशी कुणाला करू दिलं नाही. पहिली करवंटी नवऱ्या मुलाच्या बापाला, रामधनीला. तो मूळचा बा गावचाच. एका दमात प्यायला आणि करवंटीत पाहत राहिला.

"विहीणबाई, ही नगोना आहे की करवंटी धुतलेलं पाणी?"

"सॉलिड नगोना आहे, व्याहीबुवा," काकी म्हणाली. "दोन बादल्या होत्या, मी पाच केल्या. बरकत झाली. तुमच्याकडे हेच चालतं ना?"

कुणी हसलं नाही. हिरदेश जमीन बघू लागला. पडद्याआडून अंजुलाला मात्र खोकला आला, जो खोकला नव्हता.

रामधनीने करवंटी खाली ठेवली. "बांगड्या किती कॅरेटच्या केल्या?" त्याने पडद्याकडे वळून बायकोला विचारलं.

"नऊ. पण तिकडे सगळेच..."

"आणि आधी कसल्या होत्या?"

"लाल होत्या. मला वाटलं, तांबं."

"माझ्या आईच्याही लालच होत्या," रामधनी म्हणाला. मग मांडवाच्या खांबाआड बसलेल्या सोनाराकडे वळला. "त्या चारांच्या परत दोन होतील?"

"हीण वेगळं काढता येतं. थोडी घट येईल."

"येऊ दे. अंगठीही घाल त्यात."

"आणि तांबंच मिसळ, चांदी नको," काकी सोनाराला म्हणाली. "पिवळ्या आणल्यास तर तुझ्याच हातात घालीन."

लग्नात तिने अंजुलाला दोन लाल बांगड्या घातल्या. पहिल्यांपेक्षा किंचित बारीक. ती घट तिने हिरदेशला पुढे जन्मभर ऐकवली.

नगोनाच्या त्या दिवशी मात्र तिने मांडवातच रामधनीला सांगून टाकलं, "माझ्या आजीचं जे काय आहे, ते आता तुमचंही." मग आतून नगोनाची दुसरी बादली आणवली. ती गडद होती, आणि तिच्यात पाणी किती हे तिने आधीच सांगितलं.