झिंग्याच्या नांगीतली हवा

हॉईट माझा नवरा. अलाबामातल्या आमच्या तळ्यावर त्याला सगळे ओळखतात ते त्याच्या झिंग्यामुळे. खरा झिंगा नव्हे. गळाला लावायचं रबरासारखं मऊ आमिष, दोन नांग्यांचं, शेवाळी रंगाचं. त्याचा ॲल्युमिनियमचा साचा हॉईटने स्वतः कोरला, अख्खा हिवाळा घालवून. माझा मायक्रोवेव्ह तेव्हाच गॅरेजात गेला, तो गेलाच. त्यात दुधासारखं पातळ प्लास्टिक तापवायचं, पाकासारखं पारदर्शक झालं की पिचकारीत ओढून साच्यात दाबायचं. त्या वासापायी मी कमी कटकट केली नाही. पण झिंगा निघायचा तो भरीव, नांगीच्या टोकापर्यंत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी तो पोकळ निघायला लागला. दोन्ही नांग्यांच्या टोकांना हवा. बास माशाने एक हिसका दिला की नांगी तुटून जायची.

हॉईटने सगळं करून पाहिलं. प्लास्टिक जास्त तापवलं. साचा आधी कोमट केला. ढवळताना बुडबुडे येतात म्हणून हळू ढवळलं, वर पिचकारीचा वायसर बदलला. गार होताना प्लास्टिक आकसतं, म्हणून साच्याचं तोंड गोठेपर्यंत दट्ट्या दाबून धरला. पोकळी आपली जागच्या जागी.

त्या दिवसांत व्हर्लिन रोज यायचा. त्याचं गाड्यांचे पोचे काढायचं दुकान आहे. हॉईटचा शाळेपासूनचा दोस्त, आमच्या लग्नात अंगठ्या सांभाळणारा. न्याहारीला माझ्याच टेबलावर पावासारखी मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही ओरपायचा. एकदा गॅरेजात उभा राहून हॉईटकडे बघत म्हणाला, "राग मानू नकोस गड्या, पण तुझा हात थरथरतोय."

"कुठे थरथरतोय?"

"आत्ता नाही. दाबताना. दाब एकसारखा पडला नाही तर हवा राहणारच की."

मी म्हटलं, "व्हर्लिन, तुझी जीभ किती वळवळते ते बघ आधी."

"लोरीन, मी काय वैरी आहे का त्याचा?"

हॉईट हसला नाही. त्याच्या वडिलांना कंपवात होता. शेवटी त्यांना चमच्याने भरवावं लागायचं, आणि खुर्चीतून उचलायला हाच व्हर्लिन यायचा. हॉईटला कुठे बोट ठेवलं की दुखतं, हे व्हर्लिनला बाहेरच्या कुणी सांगायला नको होतं.

त्या दिवसापासून हॉईट कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला. चर्चमध्ये दानाची थाळी आली की वाजेल म्हणून मला पुढे करायचा. डॉक्टरकडे चल म्हटलं तर उठून गॅरेजात जायचा. आणि मग एका सकाळी म्हणाला, "साचा व्हर्लिनला देऊन टाकतो. तो ओतेल, नाव माझंच ठेवेल म्हणतो. शनिवारी न्यायला येतोय."

मला रडू आलं. पण अडवलं नाही.

दुसऱ्याच्या घरी भांडं द्यायचं तर लख्ख घासून द्यायचं, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. शुक्रवारी हॉईट साचा घेऊन स्वयंपाकघरात बसला. ब्रश, टाचणी, जाड भिंगाचा चष्मा. नांग्यांच्या टोकांपासून साच्याच्या कडेपर्यंत केसाएवढ्या चिरा मुद्दाम कोरलेल्या आहेत. प्लास्टिक आत शिरताना हवा त्यांतून बाहेर पडते. त्याने एका चिरेतून टाचणी फिरवली, तर फडक्यावर गुलाबी कण पडला. मग आणखी एक.

"लोरीन, हे काय गं?"

मला बघताक्षणी कळलं. हा रंग मी वर्षानुवर्षं व्हर्लिनच्या नखांत बघत आले होते. "पत्र्याचे पोचे बुजवायची लांबी! व्हर्लिनची!" मी म्हटलं.

"वसंतात त्याने साचा नेला होता," हॉईट सावकाश म्हणाला. "दोन-चार नग काढतो म्हणाला. परत दिला तो धुऊन-पुसून."

"त्याने? जन्मात कधी कप विसळला नाही मेल्याने!"

मऊ झिंग्यावरून साचा घ्यायला गेलं तर नांग्या दबतात, नग कडक लागतो. व्हर्लिनने आमच्या साच्यात लांबी भरून कडक झिंगा काढून घेतला होता, स्वतःचा साचा करायला. उरलेली लांबी चिरांमध्ये बसली. हवेला वाटच राहिली नव्हती. आणि हॉईटने ओतणं सोडलं की झिंगा नावासकट व्हर्लिनचाच होणार होता.

शनिवारी तो रिकामं खोकं घेऊन आला. हॉईटने त्याच्यासमोरच प्लास्टिक तापवलं, दट्ट्या दाबला, धरून ठेवला. साचा उघडला. नांग्या टोकापर्यंत भरलेल्या. तो झिंगा त्याने व्हर्लिनच्या तळहातावर ठेवला आणि शेजारी गुलाबी कण.

व्हर्लिनचा चेहरा उतरला. "चिरा बुजल्या हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ."

"नसेल माहीत."

"सांगणारच होतो रे तुला."

"साचा मागितला असतास तर दिला असता. देतच होतो की. पण माझा हात थरथरत नव्हता, व्हर्लिन. ते तर तुला दिसत होतं."

व्हर्लिन माझ्याकडे बघायला लागला. कुणीतरी त्याची बाजू घ्यावी, अशी सवयच होती त्याला.

"न्याहारी संपली," मी म्हटलं.

आता झिंगे पुन्हा भरीव निघतात. व्हर्लिनचेही निघत असतील, तळ्यापलीकडच्या दुकानात टांगलेले दिसतात. आकार चोरला त्याचं मला एवढं वाटत नाही. पण हॉईट अजून रोज सकाळी, मी बघत नाही असं वाटलं की, खिडकीपाशी उभा राहून उजवा हात समोर धरतो. हात जरासुद्धा हलत नाही. तरी तो बराच वेळ बघत राहतो.