गाव कोणतं, तेवढं कळवावं

भरलेल्या कुठल्याही गोष्टीवर आप्पांचा विश्वास नव्हता. भरलेली गाडी असो, भरलेला मंडप असो, की नेत्याच्या नावामागे भरलेल्या पदव्या असोत. "भरल्यालं समदेच दावत्यात, मास्तर," ते म्हणायचे. "रिकामं करून परत काट्यावर आना, मग बोलू." पाटसजवळच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी तीस गळीत हंगाम काढले होते. उसाची गाडी आत जाताना भरलेली तोलायची, बाहेर पडताना रिकामी तोलायची, आणि वजाबाकी करून उरेल तो ऊस. निवृत्त झाल्यावर माणसं काम सोडतात. आप्पांनी फक्त काटा सोडला, वजाबाकी चालूच ठेवली. तिचा सगळा जाच माझ्या वाट्याला आला.

दौंडला स्टेशनच्या रस्त्यावर माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. दोन हजार सालाच्या पुढेमागे मुलींनी टाईपरायटरकडे पाठ फिरवली, तेव्हा मी दोन कॉम्प्युटर आणले, फोनच्या तारेवर इंटरनेट घेतलं आणि पाटीवर 'सायबर कॅफे' रंगवून घेतलं. कॅफे म्हणण्याजोगं तिथे माठातलं पाणी होतं. एका गुरुवारी सकाळी आप्पा आले आणि त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. "मेडिकलवाला म्हनला, ह्यातलं शेवटचं आमच्याकडं मिळत न्हाई. कॉम्प्युटरवाल्याकडं बघा."

चिठ्ठी त्यांच्या नातीची, मुक्ताची होती. वय वर्षं सहा. निदान ऑटिझम. खाली बोलण्याच्या सरावाच्या सूचना, आणि शेवटच्या ओळीत इंग्रजीत लिहिलेलं, की अशा मुलांच्या आईवडिलांचा इंटरनेटवरचा एखादा गट शोधा, पण तो ॲक्टिव्ह हवा. 'ॲक्टिव्ह'खाली दोन रेघा. मी अर्थ सांगितला: अशी मुलं असलेले लोक कॉम्प्युटरवरून एकमेकांना पत्रं लिहितात, अडचणी विचारतात, उत्तरं देतात.

"म्हंजी पारावर बसल्यागत?"

"तसंच समजा."

"मग पारावर कोन कोन बसलंय, ते आधी बघू."

ही धडपड मुक्तासाठी नव्हती, हे मला नंतर कळलं. भांडगावच्या एका लग्नात बँड सुरू झाल्यावर मुक्ता कानांवर हात ठेवून किंचाळत सुटली होती. बायकांनी तिच्या आईला, सुनीताला, गराडा घातला आणि "बाहेरचं बघनाऱ्या कुनाला तरी दावा" इथपासून "दिवस गेल्यावर काय खाल्लं होतं?" इथपर्यंत सगळी चौकशी केली. त्या दिवसापासून सुनीतानं लग्न, हळदीकुंकू, माहेर सगळं सोडलं, आणि हळूहळू बोलणंही. नवरा कुरकुंभच्या कंपनीत पाळीवर जायचा. त्याला वाटायचं, दमली असेल. आप्पांनी मात्र नोंद घेतली होती. "पोरीचं व्हायचं तसं हुईल, मास्तर. सून बोलायची बंद झालीया. एका घरात दोन मुकी न्हाई झेपायची मला. तिला बोलायला मानूस पायजे, आन् ते हितं गावात न्हाई."

यावर वैतागता येत नाही. म्हणून मी बाकी सगळ्यावर वैतागत राहिलो.

आप्पा कधी खुर्चीत बसत नसत. काट्यावर उभं राहायची सवय. माझ्या पाठीमागे उभे राहून ते पडद्याकडे असे बघत, की जणू गाडीत कुणी दगड लपवलाय. पहिल्या गटाची पाटी वाचून मी हरखलो. "आप्पा, बाराशे सभासद!"

"शेवटचं कोन कवा बोललं?"

मी शोधलं. आठ महिन्यांपूर्वी कुणीतरी नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. त्यांनाही कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"बाराशे मानसं, आन् आठ महिने कुनी खोकलंबी न्हाई? ह्यो पार न्हाई मास्तर, मतदार यादी हाय. फुडं चला."

असे चार गट गेले. पाचव्यात रोज चाळीस-चाळीस पत्रं येत होती. मला वाटलं, सुटलो. आप्पांनी चाळीसच्या चाळीस वाचायला लावली, मराठीत अर्थ सांगून. पहिल्यात 'अशी मुलं ही देवाची देणगी' असं प्रवचन होतं आणि सोबत गुलाबाचं चित्र. ते चित्र वरून खाली उतरायला चार मिनिटं लागली. त्याखाली एकवीस जणांची वाहवा. मग एक जण पावडर विकत होता. मग एका परिषदेचा वृत्तान्त, ज्यात प्रमुख पाहुण्यांची ओळख परिषदेपेक्षा लांब होती. "वाढं," आप्पा म्हणायचे. "वाढं. हेबी वाढं." वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. गाडी त्यानं भरलेली दिसते, गाई तो आवडीनं खातात, पण रस म्हणाल तर थेंबभर नाही.

दुपारी एकपर्यंत चाळीसमधून एक पत्र उरलं. अमेरिकेतल्या, ओहायोच्या एका बाईनं लिहिलं होतं, की तिचा मुलगा तीन दिवस झोपलेला नाही आणि तीही नाही. तुम्ही अशा वेळी काय करता? तिला चार आयांनी उत्तरं दिली होती.

"ही बाई खरी," आप्पा म्हणाले. "हिची झोप गेलीया आन् चार जनींनी विचारपूस केलीया. हितं चूल पेटती. हितंच ऱ्हायचं."

डॉक्टरांच्या दोन रेघांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. पण खरा छळ पुढेच होता, कारण आता पारावर बसायचं म्हणजे बोलायला हवं. आप्पा पत्र सांगत, मी इंग्रजी करून टाईप करत असे. त्यांचं पत्र असं: 'सा. न. वि. वि. आमची नात मुक्ता, वय सहा, बोलत नाही, कुकरच्या शिट्टीला भिते, ताटल्या फिरवत बसते. तिची आई गप्प असते. आमच्याकडे पाऊस बरा, आडसाली उसाची लागण उरकली. आपल्याकडे पाऊसमान काय आहे? आपलं गाव कोणतं, तालुका कोणता, माहेर कुठलं, ते कळवावं. आपला, आप्पा.'

मी टाईप करायचो ते असं: 'माझी नात सहा वर्षांची आहे, बोलत नाही, आवाजाला घाबरते. कृपया सल्ला द्यावा.' ओहायोतल्या बाईला आडसाली उसाची लागण आणि तिचं माहेर विचारायची मला लाज वाटत होती. मी इंग्रजी वाचणारा माणूस. माझ्या कॉम्प्युटरवरून असलं काही जायला नको होतं. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे प्रश्नच नव्हता.

उत्तरं यायची. सभ्य, छापील. हे वाचा, ते वाचा. दर गुरुवारी आप्पा विचारत, "गाव कळवलं का कुनी?"

"तिकडे तशी पद्धत नाही, आप्पा."

"पद्धत न्हाई म्हंजी? गाव सांगितल्याबिगर मानूस दुसऱ्याला लेकराचं दुखनं कसं सांगत आसंल?"

असे आठ महिने गेले. मधल्या काळात तालुक्याच्या एका पुढाऱ्यानं अपंग साहाय्य मेळावा घेतला. मुक्ता हाकेला ओ देत नाही, एवढ्यावरून स्टेजवर तिला श्रवणयंत्र देण्यात आलं, फोटोसह. ही पोरगी दोन खोल्यांपलीकडे फोडलेला बिस्किटाचा पुडा ऐकायची. आप्पांनी ते यंत्र दुसऱ्या दिवशी परत नेलं, तर कार्यालयातला माणूस म्हणाला, "आजोबा, फोटो छापून आलाय, आता परत कसं घेणार?"

मग तो गुरुवार. सकाळपासून दोनदा वीज गेली होती. निकाल बघायला आलेल्या पोरांची रांग रस्त्यापर्यंत होती. फोनची तार शिट्या मारत होती आणि जोडली जात नव्हती. आणि आप्पा पाठीमागे उभे राहून पुन्हा पहिल्यापासून, "सा. न. वि. वि..." माझं डोकं फिरलं. म्हटलं, म्हाताऱ्याला एकदा धडा मिळू दे. त्या दिवशी मी काही गाळलं नाही आणि काही भाषांतर केलं नाही. साष्टांग नमस्कार, कुकरची शिट्टी, गप्प सून, पाऊस, ऊस, गाव, तालुका, माहेर, सगळं इंग्रजी अक्षरांत, जसंच्या तसं मराठीत टाकलं आणि धाडून दिलं. आता हे आपल्याला गटातून काढतील आणि माझे गुरुवार मोकळे होतील, असा हिशेब होता.

पुढच्या गुरुवारी पाच उत्तरं होती. चार गोंधळलेली, ओहायोच्या बाईनं विचारलं होतं, की ही भाषा कोणती? पाचवं मी आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तेही इंग्रजी अक्षरांतलं मराठीच होतं.

'आप्पांना सलाम. मी शाहीन. गाव शिरूर, तालुका शिरूर, आणि माहेरही शिरूरच. इथेच शाळेत शिकवते. मुलगा इम्रान, वय अकरा, ऑटिझम. दीड वर्षापासून या गटात इंग्रजीतून लिहिते. तुमची आधीची पत्रं वाचली होती, पण मला वाटायचं, तुम्हीही अमेरिकेतलेच. पाऊस इकडेही बराय. मुक्ताची आई झोपते का?'

आप्पा खुर्ची ओढून बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "शेवटचं परत वाचा," म्हणाले.

मी परत वाचलं. मग राहवलं नाही, म्हणून सांगून टाकलं. "आप्पा, ती गावाची ओळ मी आधी कधी घालतच नव्हतो."

"किती दिस?"

"आठ महिने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काटा मारणाऱ्यांकडे ते असेच बघत असणार. "म्हंजी गाडी भरल्यालीच व्हती," ते म्हणाले. "काट्यावर पाय तुमचा व्हता." उठले, टोपी घातली आणि दारातून वळून म्हणाले, "आमच्यात असं करनाऱ्याला दुसऱ्या दिशी काट्यावर उभं करत न्हाईत."

तरीही पुढच्या गुरुवारी ते आले. फक्त आता प्रत्येक पत्र धाडण्याआधी मला ते परत वाचून दाखवावं लागे, त्यांचं बोट पडद्यावर एकेक ओळीखाली सरकत असताना. अक्षर कळत नसताना बोट मात्र अचूक सरकायचं. मी बरं म्हणायचो. दुसरं काही बोलायला तोंड कुठे होतं?

महिन्याभरात शाहीनबाई इम्रानला घेऊन एसटीनं पाटसला आप्पांच्या घरी आल्या. इम्राननं वाटेवरच्या न्हावऱ्यापासून पाटसपर्यंत रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचली, खतांच्या जाहिरातींसकट. मी आप्पांना विचारलं, "काय बोलल्या दोघी?"

"मला काय ठावं? मी भाईर, दोन लेकरं संभाळत. तीन तास बोलल्या. च्या दोनदा उतू गेला. एकदा तर हसल्याबी." मग टोपी सारखी करत, "सुनीताचा आवाज इसरलो व्हतो मी, मास्तर. लई मोठ्यानं बोलती की ती."

त्यानंतर गुरुवारी सुनीता स्वतः यायला लागली, मुक्ताला घेऊन. मुक्ताला माझ्या जुन्या टाईपरायटरची ओळ संपली की वाजणारी घंटी आवडली. ती तास-तास ओळी संपवत बसायची. मोडीत घालायला काढलेलं ते यंत्र त्यामुळे राहूनच गेलं. सुनीता आणि शाहीनबाईंनी आपला मराठी गट काढला. अकरा सभासद. त्या पुढाऱ्याचा निरोप आला, की साहेब गटाचं उद्घाटन करतील, दीपप्रज्वलनासह. दीप कॉम्प्युटरवर ठेवणार होते की खाली, ते कळलं नाही. आप्पांनी निरोप्याला विचारलं, "सायबांच्या घरात हाय का असलं लेकरू? न्हाई? मग ते पारावर बसून काय बोलनार? त्यांस्नी म्हनावं, हितं टाळ्या न्हाईत."

एका हंगामाच्या अखेरीस, शेवटच्या गाड्या लागल्या असताना, आप्पा झोपेतच गेले. शोकसभा झाली. तेच साहेब पाऊण तास बोलले, आप्पांना माहितीयुगाचे भगीरथ म्हणाले. मी मागच्या रांगेत बसून वजाबाकी करत होतो. हाती काही उरेना. तेवढ्यात इम्राननं पाठीमागचा फलक खणखणीत आवाजात वाचून दाखवला. साहेबांचं नाव दोनदा होतं, आप्पांचं एकदा, आणि बारीक. त्या दिवसाचं निव्वळ वजन तेवढंच.

गुरुवारी सुनीता नेहमीच्या वेळेला आली. गटात एक नवं पत्र पडलं होतं. नाव नाही, नमस्कार नाही, इंग्रजी अक्षरांत एवढंच: 'इथे कोणी आहे का?' सुनीता दोन बोटांनी टाईप करायला लागली. मी जुन्या खोडीनं मागे जाऊन उभा राहिलो.

"मास्तर," मान न वळवता ती म्हणाली, "काही काढू नका."

मागे मुक्ताची ओळ संपली, घंटी वाजली. पडद्यावर सुनीताचं उत्तर होतं: 'आहे. तुम्हाला झोप लागते का? पाऊस कसा आहे? आणि गाव कोणतं, तेवढं कळवावं.'